घरगुती मसाल्यांच्या ऑनलाइन दुकानात पैसे घ्यायची सोय: कागदपत्रांपासून हिशोबापर्यंत

ऑनलाइन दुकान काढणारे बहुतेकजण आधी मालाचे फोटो काढतात, मग लोगो करून घेतात, मग वेबसाइट, आणि पैशांचा विचार अगदी शेवटी. परवा दुकान उघडायचं म्हणून आज पेमेंट गेटवेचा, म्हणजे गिऱ्हाइकाचे ऑनलाइन पैसे घेऊन तुमच्या खात्यात टाकणाऱ्या सेवेचा, फॉर्म भरायला बसतात आणि तिथे गाडी अडते. चालू खातं नाही, रिफंडचं पान नाही, फर्मचं नाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरंच. म्हणून आधी पैशांची वाट आखा आणि मग दुकान उभं करा. गिऱ्हाइकाचा रुपया कुठून निघाला, मध्ये कुणाकडे किती दिवस थांबला, त्यातून किती कापले गेले आणि तुमच्या खात्यात कधी पडला, हे कुठल्याही ऑर्डरबद्दल तुम्हाला सांगता आलं पाहिजे. ते येत नसेल तर पेमेंटचे दहा पर्याय ठेवून फक्त गोंधळ वाढतो.

उदाहरणासाठी कोल्हापुरातलं एक घरगुती दुकान धरू. माल म्हणजे कांदा-लसूण मसाला, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि दिवाळीत फराळ. सरासरी ऑर्डर ८०० रुपयांची. गिऱ्हाइकं मुख्यतः पुण्या-मुंबईची, काही बेंगळुरू-हैदराबादची, आणि थोडी परदेशात राहणारी, जी इथल्या आईवडिलांच्या पत्त्यावर माल पाठवायला सांगतात. यापुढचं सगळं या दुकानाला धरून सांगतो. साड्या, पुस्तकं, दागिने विकणाऱ्यांनी आकडे आपापले घालावेत.

आधी कागद, मग खातं

घरच्या घरी एकट्याच्या नावावर चालणाऱ्या धंद्याला प्रोप्रायटरशिप म्हणतात. तिला वेगळा पॅन लागत नाही, मालकाचाच चालतो. पण फर्मच्या नावाने चालू खातं उघडायचं तर त्या नावाने धंदा चालतो हे दाखवणारी साधारण दोन कागदपत्रं बँक मागते. त्यातलं सगळ्यात सोपं म्हणजे उद्यम नोंदणी. सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅनवर ती होते आणि तिला एक रुपयाही लागत नाही. सर्च केल्यावर वरच दिसणाऱ्या आणि दोन-तीन हजार मागणाऱ्या साइट्स खासगी एजंटांच्या असतात, तिथे जाऊ नका. दुसरा कागद शॉप ॲक्टचा, मुंबईत ज्याला अजून गुमास्ता म्हणतात. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यानुसार मोजकेच कामगार असतील तर पूर्ण नोंदणीची गरज नाही, ऑनलाइन सूचना दिली की पावती मिळते आणि तीच पुरावा म्हणून चालते. खाद्यपदार्थ असल्याने एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी तर हवीच. गेटवेवालेही ती मागतात.

जीएसटीच्या बाबतीत फार लोक गाफील राहतात. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही, हे बरोबर. पण ही मोकळीक राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यासाठी आहे. स्वतःच्या वेबसाइटवरून मसाल्याचं एक पार्सल बेंगळुरूला गेलं की तो आंतरराज्य पुरवठा झाला, आणि करपात्र मालाच्या अशा पुरवठ्याला उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी लागते. कंपोझिशन योजना (लहान धंद्यांसाठीची जीएसटीची सोपी योजना) घेतलेल्यालाही माल परराज्यात विकता येत नाही. तेव्हा नोंदणी होईपर्यंत वेबसाइटच्या शिपिंग सेटिंगमध्ये फक्त महाराष्ट्र ठेवा. नोंदणी आली की बाकीची राज्यं चालू करायला पाच मिनिटं लागतात.

या सगळ्या कागदांवर आणि बँकेत फर्मचं नाव अक्षरशः एकसारखं हवं. शॉप ॲक्टवर ‘श्री अन्नपूर्णा मसाले’, उद्यमवर ‘अन्नपूर्णा मसाले’ आणि बँकेत ‘अन्नपूर्णा होम फूड्स’ असलं की गेटवेचा अर्ज परत येतो. इंग्रजी स्पेलिंगही ठरवून घ्या आणि एका कागदावर लिहून ठेवा.

घरखर्चाच्या बचत खात्यात धंद्याचे पैसे घेऊ नका. हिशोबाचा घोळ हे एक कारण, पण दुसरं जास्त गंभीर आहे. एखाद्याने सायबर फसवणुकीतून मिळवलेल्या पैशांनी तुमच्याकडून माल घेतला, तर पैशांचा माग काढताना पोलिस ती रक्कम तुमच्या खात्यात अडकवायला सांगू शकतात. कधीकधी सगळं खातंच गोठतं. तुमची चूक काडीची नसते, तरी प्रकरण मिटेपर्यंत मुलांची फी आणि घराचा हप्ता अडकून पडतो. धंद्याचं खातं वेगळं असेल तर निदान घर चालू राहतं. आणि दर विक्रीचं बिल, पत्ता, कुरिअरची पोच जपून ठेवलेली असेल तर तुम्ही खरा माल विकला हे बँकेला दाखवता येतं.

वेबसाइटवरची पाच पानं

गेटवेचा माणूस अर्ज मंजूर करण्याआधी तुमची साइट उघडून बघतो. संपर्क, अटी, गोपनीयता, माल पाठवण्याचे नियम आणि रद्द-परताव्याचे नियम ही पाच पानं नसतील तर अर्ज पुढे सरकत नाही. ती कुठूनतरी उचलून चिकटवू नका. मसाल्याच्या दुकानाने ‘३० दिवसांत परत करा’ असं लिहिलं आणि फोडलेली मेतकुटाची बरणी परत आली, तर पैसे द्यावेच लागतील, कारण तुमच्याच पानावर तसं लिहिलंय. आपल्या मालाला शोभेल असं साधं लिहा: खाद्यपदार्थ असल्याने उघडलेलं पाकीट परत घेत नाही, बरणी फुटलेली, गळलेली किंवा चुकीची आली तर पार्सल मिळाल्यापासून ४८ तासांत फोटो पाठवा, पैसे किंवा नवा माल देऊ, पार्सल निघण्याआधी ऑर्डर रद्द केली तर पूर्ण पैसे परत.

ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्स नियम २०२० मध्ये आले. त्यांनुसार फर्मचं कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण करणाऱ्याचं नाव साइटवर द्यावं लागतं. आलेल्या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निकाल एका महिन्यात द्यायचा असतो. घरगुती धंद्यात ते नाव तुमचंच असणार, काही हरकत नाही.

कोणते पर्याय ठेवायचे

सर्वांत वर यूपीआय. २०१६ मध्ये सुरू झालेली ही सोय आज भाजीवाल्यापासून सगळ्यांकडे आहे आणि तुमच्या गिऱ्हाइकाचा हात आपोआप तिकडेच जातो. जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराकडून घ्यायचा एमडीआर, म्हणजे दर व्यवहारामागे कापलं जाणारं शुल्क, शून्य आहे. पण गेटवे स्वतःच्या सेवेचं शुल्क वेगळं लावू शकतो, म्हणून ‘यूपीआयच्या ऑर्डरवर माझ्या हातात नेमके किती पडतील’ हे लेखी विचारून घ्या. यूपीआय ॲपला जोडलेल्या रुपे क्रेडिट कार्डातून पैसे आले तर त्यावर कार्डासारखं शुल्क लागू शकतं, विवरणात ती ओळ वेगळी बघायची.

यूपीआय चेकआउटवर, म्हणजे पैसे भरायच्या पानावर, कसा दिसतो हेही महत्त्वाचं. मोबाइलवर बटण दाबलं की फोनमधलं ॲप थेट उघडलं पाहिजे, रक्कम आधीच भरलेली. कॉम्प्युटरवर क्यूआर दिसला पाहिजे. यूपीआय आयडी टाइप करायला लावणं टाळा. तिथे एक अक्षर चुकलं की गिऱ्हाईक कंटाळून निघून जातं. गेटवेच्या डॅशबोर्डवर हा क्रम बदलता येतो का ते बघा.

दुसरं कार्ड. २०१८ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम असा की वर्षाला २० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या दुकानदाराकडून डेबिट कार्डावर ०.४० टक्क्यांहून जास्त एमडीआर घेऊ नये. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही. म्हणून गेटवेने ‘सगळ्याला सरसकट २ टक्के’ सांगितलं तर प्रकारागणिक दर मागा. विचारल्यावर काहीतरी कमी होतंच. कार्डाचा नंबर तुम्ही स्वतः कुठे साठवायचा नाही. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानांना तशी मुभाच उरलेली नाही, कार्डाच्या नंबराऐवजी टोकन, म्हणजे त्याच्या जागी दिलेला सांकेतिक क्रमांक, वापरलं जातं. फोनवर ऑर्डर घेताना गिऱ्हाइकाचा कार्ड नंबर वहीत लिहून घेणं तर अजिबात नको. त्याला पेमेंट लिंक पाठवा.

नेटबँकिंग ठेवा, ज्येष्ठ मंडळी अजून वापरतात. वॉलेट असली काय, नसली काय. हप्ते आणि ‘नंतर पैसे द्या’ हे पर्याय ८०० रुपयांच्या मसाल्याला नकोत. वीस-तीस हजारांची पैठणी विकणाऱ्याने मात्र हप्त्यांचा पर्याय पहिल्या दिवसापासून द्यावा. तिथे त्यामुळेच विक्री होते.

गेटवे निवडताना

रेझरपे, कॅशफ्री, पेयू, सीसीअव्हेन्यू, फोनपे, पेटीएम अशी नावं तुमच्या कानावर असतील. यांना रिझर्व्ह बँकेच्या भाषेत पेमेंट अ‍ॅग्रीगेटर म्हणतात. मार्च २०२० च्या मार्गदर्शक सूचनांपासून बँकेबाहेरच्या अशा कंपन्यांना परवानगी घ्यावी लागते आणि तुमचे पैसे स्वतःच्या धंद्यात न वापरता एस्क्रो खात्यात (दुसऱ्याचे पैसे राखून ठेवायच्या वेगळ्या बँक खात्यात) ठेवावे लागतात. परवानगी मिळालेल्यांची यादी रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर आहे. सही करायच्या दिवशी ती उघडून नाव तपासा, कुणी ‘आमच्याकडे आहे हो’ म्हणालं म्हणून पुढे जाऊ नका.

दराचा हिशोब एकदा हाताने मांडून बघा. ८०० रुपयांची ऑर्डर क्रेडिट कार्डावर आली, दर २ टक्के. शुल्क १६ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी लावला गेला तर आणखी २ रुपये ८८ पैसे. हातात ७८१ रुपये १२ पैसे. जीएसटी नोंदणी असेल तर ते २.८८ तुम्ही भरायच्या जीएसटीतून वजा होतात, नसेल तर ते खर्चात गेले. हे आकडे मालाची किंमत ठरवतानाच धरायचे असतात.

दरापेक्षा मी जास्त महत्त्व देतो ते तीन गोष्टींना. पैसे किती दिवसांनी खात्यात येतात: साधारण दोन कामकाजाचे दिवस हा रिवाज आहे, त्याहून जास्त सांगत असतील तर कारण विचारा. रिफंड केल्यावर मूळ शुल्क परत मिळतं का: बहुतेक ठिकाणी मिळत नाही. आणि पैसे अडकले तर बोलायला माणूस मिळतो का: खातं उघडण्याआधीच मदत केंद्राला एक प्रश्न पाठवा आणि उत्तर किती तासांत येतं ते बघा. दिवाळीच्या आठवड्यात या एका गोष्टीवर तुमची झोप अवलंबून असते.

दुकान कशावर चालतं यानेही फरक पडतो. वूकॉमर्सवर (वर्डप्रेसच्या साइटला दुकान बनवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) जवळपास प्रत्येक भारतीय गेटवेचं मोफत प्लगइन, म्हणजे वरून जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, आहे. शॉपिफाय या भाड्याने तयार दुकान देणाऱ्या सेवेची स्वतःची पेमेंट सेवा भारतात नाही, त्यामुळे बाहेरचा गेटवे जोडावा लागतो आणि त्यावर शॉपिफाय आपलं व्यवहार शुल्क प्लॅननुसार वेगळं आकारतं. दोन्ही टक्के बेरीज करूनच तुलना करा. ऑर्डर सगळ्या व्हॉट्सॲपवरच येत असतील तर अजून वेबसाइटच्या भानगडीत पडू नका. बँकेचा व्यापारी क्यूआर आणि गेटवेच्या पेमेंट लिंक एवढ्यावर दिवसाला पंधरा-वीस ऑर्डर आरामात सांभाळता येतात. फक्त तो क्यूआर व्यापारी खात्याचा असू द्या. वैयक्तिक यूपीआयला बँका दिवसाच्या रकमेची आणि व्यवहारांच्या संख्येची मर्यादा लावतात, आणि ती नेमकी गर्दीच्या दिवशी आडवी येते.

प्रत्यक्ष जोडणी

वूकॉमर्स धरून पायऱ्या सांगतो. इतरत्र नावं बदलतील, क्रम हाच राहील.

१. वूकॉमर्सच्या सेटिंग्जमध्ये चलन भारतीय रुपया आहे ना, ते बघा. साइटला एसएसएल हवंच, पत्त्याशेजारी कुलूप दिसलं पाहिजे.

२. गेटवेचं अधिकृत प्लगइन वर्डप्रेसच्या प्लगइन भांडारातूनच घ्या. कुणी मित्राने पाठवलेली झिप फाइल नको.

३. गेटवेच्या डॅशबोर्डवर टेस्ट मोडमध्ये ‘की’ (साइटला गेटवेशी जोडणारी सांकेतिक अक्षरं) तयार करा आणि प्लगइनमध्ये भरा. कीच्या दोन भागांपैकी गुप्त भाग म्हणजे तुमच्या गल्ल्याची चावी. तो डेव्हलपरला व्हॉट्सॲपवर पाठवू नका, शेजारी बसवून स्वतः टाका. काम संपल्यावर की बदलून टाका.

४. पेमेंट आपोआप ‘कॅप्चर’ होईल असं ठेवा. काही गेटवेंमध्ये बँकेने मंजूर केलेली रक्कम दुकानदाराने कॅप्चर केली नाही तर ठरावीक मुदतीनंतर आपोआप गिऱ्हाइकाकडे परत जाते. माल गेलेला असतो आणि पैसे माघारी.

५. वेबहुक लावा. ही पायरी लोक हमखास सोडतात. गिऱ्हाइकाने यूपीआयमध्ये पिन टाकला, पैसे गेले, आणि तेवढ्यात फोन आला म्हणून त्याने ब्राउझर परत उघडलाच नाही. वेबहुक नसेल तर तुमच्या साइटला पैसे आल्याचं कळतच नाही, ऑर्डर ‘पेंडिंग’ राहते. वेबहुक असेल तर गेटवे तुमच्या सर्व्हरला परस्पर निरोप देतो आणि ऑर्डर पुढे सरकते.

६. वूकॉमर्समध्ये पैसे न आलेल्या ऑर्डरसाठी माल किती मिनिटं राखून ठेवायचा याचं सेटिंग आहे, मुळात ६० मिनिटं. फराळाचे डबे मोजकेच असतील तर हे महत्त्वाचं. फार कमी ठेवलंत तर उशिरा येणारं पेमेंट रद्द झालेल्या ऑर्डरवर पडेल. ६० राहू द्या.

७. आता लाइव्ह की टाका आणि दहा रुपयांचा एक चाचणी-माल तयार करून खरे पैसे भरा. अँड्रॉइडवर यूपीआय, आयफोनवर यूपीआय, कॉम्प्युटरवर क्यूआर, एकदा कार्ड. मग एकदा पिन टाकल्यावर मुद्दाम ब्राउझर बंद करा आणि ऑर्डर आपोआप ‘प्रोसेसिंग’मध्ये येते का बघा. त्यातल्या एका ऑर्डरचा रिफंड करा आणि तो खात्यात दिसेपर्यंत थांबा. टेस्ट मोडमध्ये सगळं हिरवं दिसतं. खरे दोष खऱ्या पैशांनीच कळतात.

कॅश ऑन डिलिव्हरी

मराठी वाचकाला ही पद्धत नवी नाही. दिवाळी अंक आणि पुस्तकं व्ही. पी. ने मागवायची, पोस्टमन दारात आला की पैसे मोजायचे, हे घरोघर चालत आलेलं आहे. अनोळखी दुकानाला आधी पैसे कसे द्यायचे, हा गिऱ्हाइकाचा प्रश्न रास्तच आहे आणि नव्या दुकानाने त्याचा मान ठेवावा. पण खर्च डोळ्यांसमोर ठेवून.

समजा महिन्यात १०० ऑर्डर कॅश ऑन डिलिव्हरीच्या गेल्या आणि २० परत आल्या. जायचं भाडं ७० आणि परतीचं ६० धरलं तर एका परतीला १३० रुपये, वीसचे २६००. हा खर्च उरलेल्या ८० ऑर्डरींवर पडतो, म्हणजे प्रत्येकी साडेबत्तीस रुपये. त्यात कुरिअरचं रोख गोळा करण्याचं शुल्क वेगळं. शिवाय परत आलेली मसाल्याची पाकिटं दोन आठवडे ट्रकमध्ये आणि गोदामात फिरलेली असतात, ती पुन्हा विकायला मन धजत नाही आणि धजूही नये. क्रेडिट कार्डाचे १८ रुपये ८८ पैसे त्यापुढे स्वस्त आहेत.

म्हणून सरसकट बंद किंवा सरसकट चालू असं करू नका. १५०० रुपयांपर्यंतच ठेवा. ज्या पिनकोडवरून पार्सलं वारंवार परत येतात तिथे बंद ठेवा. वूकॉमर्समध्ये हा पर्याय ठरावीक शिपिंग पद्धतींपुरताच दाखवता येतो, आणि शिपिंग पद्धती विभागवार लावता येतात, त्यामुळे साधारण काम प्लगइनशिवाय भागतं. नव्या नंबरवरून ऑर्डर आली की पॅक करण्याआधी एक फोन करा. ‘ताई, अर्धा किलो कांदा-लसूण मसाला आणि मेतकूट, पत्ता कोथरूडचा, बरोबर ना? शुक्रवारी-शनिवारी घरी कुणी असेल ना?’ एवढंच विचारायचं. फोन न उचलणाऱ्याचं पार्सल एक दिवस थांबवा. फराळ मात्र कधीही कॅश ऑन डिलिव्हरीवर नको. ऑर्डर आल्यावर तळलेल्या चकल्या परत आल्या तर त्या कुणाच्याच कामाच्या नसतात. फारच आग्रह झाला तर १०० रुपये आगाऊ यूपीआयने घ्या, उरलेले दारात. आगाऊ पैसे दिलेला माणूस पार्सल नाकारत नाही.

रोखीसाठी ४० रुपये जादा घेणार असाल तर ते मालाच्या पानावर आणि कार्टमध्ये आधीच दिसू द्या. अगदी शेवटच्या पायरीवर रक्कम वाढवणं हे नोव्हेंबर २०२३ च्या ‘डार्क पॅटर्न’विषयक मार्गदर्शक सूचनांमध्ये अयोग्य ठरवलेलं आहे, आणि गिऱ्हाइकाच्या मनातून दुकान उतरतं ते वेगळंच.

कुरिअर कंपनी गोळा केलेली रोख तुम्हाला काही दिवसांनी एकत्र पाठवते. ती किती दिवसांनी, कुठल्या वारी, हे करारात लिहून घ्या आणि पोचलेल्या प्रत्येक पार्सलासमोर आलेले पैसे टिकमार्क करा. अनेक दुकानांत पैसा गळतो तो इथे, आणि कुणी न मोजल्याने कळतही नाही.

पैसे कापले, ऑर्डर दिसत नाही

हा फोन येणारच. अशा वेळी ‘बँकेला विचारा’ म्हणून हात झटकू नका, गिऱ्हाईक आधीच घाबरलेलं असतं. त्याच्याकडून यूपीआयचा बारा आकडी संदर्भ क्रमांक घ्या आणि गेटवेच्या डॅशबोर्डवर शोधा. तिथे पेमेंट यशस्वी दिसलं तर ऑर्डर हाताने पुढे सरकवा. अयशस्वी किंवा प्रलंबित दिसलं तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाचा आधार आहे: खात्यातून रक्कम गेली पण दुकानदाराला खात्री मिळाली नाही, तर ती व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आत आपोआप परत यायला हवी, आणि उशीर झाला तर ग्राहकाला दिवसाला १०० रुपये भरपाई.

हा मजकूर तयार ठेवा: ‘नमस्कार. तुमचे ८०० रुपये आमच्यापर्यंत पोचलेले नाहीत, पण ते बुडालेले नाहीत. बँकेकडून पाच दिवसांच्या आत ते तुमच्याच खात्यात परत येतील. सोमवारपर्यंत आले नाहीत तर मला याच नंबरवर कळवा, मी गेटवेकडे तक्रार नोंदवून क्रमांक पाठवतो. तोपर्यंत तुमचा माल बाजूला काढून ठेवलाय.’

रिफंड नेहमी गेटवेच्या डॅशबोर्डवरूनच करा, मूळ व्यवहारावर. घाई आहे म्हणून स्वतःच्या फोनवरून दुसऱ्या नंबरवर पैसे पाठवलेत आणि पुढे त्याच व्यवहारावर गिऱ्हाइकाने बँकेत तक्रार केली, तर चार्जबॅकमध्ये, म्हणजे बँक तुमच्याकडून पैसे परत ओढते त्यात, तीच रक्कम दुसऱ्यांदा जाते आणि तुमच्याकडे परताव्याचा पुरावा नसतो. चार्जबॅकची सूचना आली की उत्तराला मोजके दिवस मिळतात. बिल, कुरिअरची पोच आणि गिऱ्हाइकाशी झालेलं बोलणं लगेच पाठवा. न पाठवल्यास निकाल तुमच्या विरोधात जातो.

फसवणूक ओळखायची ती अशी

स्क्रीनशॉट म्हणजे पेमेंट नव्हे. हुबेहूब हिरवी खूण आणि आवाजासकट बनावट यशाचा पडदा दाखवणारी ॲप्स फिरतात. बँकेच्या ॲपमध्ये किंवा डॅशबोर्डवर रक्कम दिसल्याशिवाय माल हलवायचा नाही, मग समोरचा कितीही घाईत असो. ‘चुकून ८०० ऐवजी ८००० पाठवले, बाकीचे या नंबरवर परत करा’ हा दुसरा डाव. आधी खातं बघा. खरंच जास्त आले असतील तर मूळ व्यवहारावरच परतावा करा. आणि पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, हे घरात मसाला भरायला मदत करणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा, कारण फोन नेहमी तुमच्याच हातात नसतो. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पहिल्या काही तासांत पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवता येतात.

परदेशातली गिऱ्हाइकं

न्यू जर्सीत राहणारा मुलगा सांगलीतल्या आईला फराळ पाठवतो तेव्हा माल देशातच राहतो, फक्त पैसे बाहेरून येतात. त्याचं एनआरई किंवा एनआरओ खातं (परदेशस्थ भारतीयांचं इथल्या बँकेतलं खातं) असेल तर अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती अशा काही देशांतल्या मोबाइल नंबरवरून यूपीआय चालतं. तेव्हा चेकआउटवर परदेशी नंबर घेता येईल असं ठेवा. दहा आकड्यांची सक्ती काढा आणि पैसे देणाऱ्याचा पत्ता व माल घेणाऱ्याचा पत्ता वेगळे भरू द्या. परदेशी कार्ड घ्यायचं तर गेटवेकडे वेगळी परवानगी मागावी लागते आणि दर देशातल्या कार्डापेक्षा चढा असतो. पेपॅलने भारतातल्या भारतात पैसे घेण्याची सेवा १ एप्रिल २०२१ पासून बंद केली, आता ते परदेशी गिऱ्हाइकांपुरतंच उपयोगी. माल प्रत्यक्ष परदेशात पाठवायचा असेल तर आयात-निर्यात कोड आणि त्या देशाचे खाद्यपदार्थांचे नियम आले. तो वेगळा विषय आहे, चेकआउटवर एक देश वाढवून भागत नाही.

सोमवारची जुळवणी

गेटवे तुमच्या खात्यात ऑर्डरवार पैसे टाकत नाही, एकत्र टाकतो. समजा एका दिवशी पाच ऑर्डर आल्या: यूपीआयने ८००, ६५० आणि ४५०, क्रेडिट कार्डाने १२००, नेटबँकिंगने ९००. एकूण ४००० रुपये. यूपीआयला शुल्क नाही आणि बाकी दोन्हींना २ टक्के धरलं तर २१०० वर ४२ रुपये शुल्क आणि त्या सगळ्यावर जीएसटी लावला गेला असं धरलं तर ७ रुपये ५६ पैसे. त्याच दिवशी मागच्या आठवड्यातल्या एका फुटलेल्या बरणीचे ४५० परत केलेले आहेत. बँकेत ओळ दिसते एकच: ३५०० रुपये ४४ पैसे.

या ओळीकडे बघून ‘आज साडेतीन हजारांची विक्री’ असं वहीत लिहिलंत की वर्षअखेरीला सीएच्या समोर कपाळाला हात. विक्री ४००० लिहायची, शुल्क ४२ खर्चात, ७.५६ जीएसटीच्या खात्यात, ४५० परताव्यात, त्याची क्रेडिट नोट (विक्री कमी झाल्याचा कागद) वेगळी. जीएसटीच्या विवरणपत्रातही विक्री पूर्णच दाखवायची, हातात पडलेली नव्हे.

दर सोमवारी तीन याद्या समोर घ्या: वूकॉमर्सच्या ऑर्डरी, गेटवेचा सेटलमेंट अहवाल (कुठल्या ऑर्डरचे किती पैसे खात्यात टाकले त्याची यादी) आणि बँकेचं विवरण. कुरिअरच्या रोखीची चौथी. एका साध्या तक्त्यात ऑर्डर क्रमांक, तारीख, पैशांचा प्रकार, रक्कम, शुल्क, सेटलमेंट क्रमांक आणि बँकेत पडल्याची तारीख असे रकाने पुरतात. शेवटचा रकाना रिकामा राहिलेली ऑर्डर सात दिवसांपेक्षा जुनी दिसली की त्याच दिवशी गेटवेला किंवा कुरिअरला सेटलमेंट क्रमांकासकट लेखी विचारा. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस ही जुळवणी रोज रात्री करा.